दाढेवर कॅप: झिरकोनिया की डीएमएलएस मेटल-सिरॅमिक? (इंदूर)

राजेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६७) खालच्या उजव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, आता कॅप बसवायचीये. डॉक्टरांनी तीन भाव सांगितले. साधी मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर पांढरं पोर्सिलेन) ४ हजार, डीएमएलएस मेटल-सिरॅमिक साडेसहा आणि झिरकोनिया (धातू नसलेलं पांढरं सिरॅमिक) १२ हजार, तिच्यासोबत पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड. शेवटच्या दोन्ही "डिजिटल" आहेत म्हणाले, मशीनवर बनतात, कॉम्प्युटरवर डिझाइन होतं, वगैरे. मग दोन्ही डिजिटल तर फरक नेमका कशाचा, आणि दुप्पट पैसे कशासाठी, हे विचारायचं होतं पण मागे पेशंटची रांग होती आणि ते घाईत होते.

थोडी माहिती देतो: आई झोपेत दात खाते, म्हणजे रात्री चांगला आवाज येतो. वरची समोरची दाढ तिची स्वतःची आहे, एकदम शाबूत. शेव-परमल, दाणे, थंडीत गराडू (तळलेला कंद), सगळं खाते आणि पुढेही खाणार. ज्यांनी बसवलीये किंवा ज्यांना आतलं माहितीये त्यांनी सविस्तर लिहा, इथे वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल.

मालवामावशी
माझ्या तोंडात दोन मेटल-सिरॅमिक आहेत, दोन्ही जुन्या, मशीन वगैरे काही नव्हतं तेव्हाच्या. दाढेवरची अजून घट्ट बसलीये, मागच्या कोपऱ्याचा पांढरा टवका उडालाय आणि आतला धातू दिसतो, पण खाताना काही त्रास नाही म्हणून तशीच ठेवलीये. पुढच्या दाताची गोष्ट मात्र वेगळी. वय झालं तशी हिरडी वर सरकली आणि आता कॅपच्या कडेला काळपट रेघ दिसते, फोटोत तर फारच. तेव्हा दाढेला मेटलवाली चालेल पण पुढे हसताना दिसणाऱ्या दाताला मी कुणालाच सांगणार नाही. तुझ्या आईची दाढ आहे ना, मग तू उगाच बारा हजार कशाला घालतोस.

लॅबवाला_इंदूर
मी इथल्याच एका डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आधी मेण कोरून धातू ओतायचं काम केलं, आता कॉम्प्युटरवर डिझाइन करतो, त्यामुळे दोन्ही काळ पाहिलेत. राजेंद्रनगरकर दादा, तुमचा प्रश्न एकदम बरोबर आहे, कारण "डिजिटल" हा शब्द क्लिनिकमध्ये सरसकट वापरला जातो आणि पेशंटला कुणी सांगत नाही की कॅपचा कुठला भाग मशीनने बनला आणि कुठला हाताने.

सुरुवात दोन्हीत सारखीच. डॉक्टरकडे तोंडात फिरवायचा स्कॅनर असेल तर थेट फाइल येते, नसेल तर रबराचं माप येतं, आम्ही त्यावरून प्लास्टर मॉडेल काढतो आणि ते मॉडेल लॅबच्या स्कॅनरमध्ये ठेवतो. इंदूरमध्ये आमच्याकडे अजून बरीच कामं अशीच येतात आणि त्यात कमीपणा काही नाही, माप चांगलं असेल तर. मग स्क्रीनवर घासलेल्या दाताच्या कडेवरून रेघ आखायची, तिला आम्ही मार्जिन म्हणतो. ती जर नीट दिसली नाही, रक्ताखाली लपली किंवा हिरडीत दबली, तर पुढची लाखोंची मशीन काहीही करू शकत नाहीत. स्कॅनरला रक्त-थुंकीच्या आरपार दिसत नाही. म्हणून चांगले डॉक्टर माप घ्यायच्या आधी हिरडीत बारीक दोरा दाबून ठेवतात, ती कड मोकळी करतात.

आता झिरकोनिया. ९८ मिलिमीटर व्यासाची पांढरी चकती येते, तेव्हा ती खडूसारखी असते, पूर्ण भाजलेली नसते, म्हणून मशीनचं बारीक बर (फिरणारं कापायचं टोक) तिला सहज कापतं. कॅप खऱ्या मापापेक्षा साधारण २० ते २५ टक्के मोठी कापतात, कारण भट्टीत ती आक्रसणार आहे. किती आक्रसणार हा आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये बरोबर टाकावा लागतो. नवीन मुलगा कामाला लागला की पहिली गोष्ट मी हीच शिकवतो. मशीनमधून निघालेली कॅप बोटावर घेतली तर हलकी, भुरभुरीत, बोटं पांढरी होतात. रात्री भट्टीत ठेवायची, १५०० अंशांच्या आसपास तापवायची, सकाळी काढली की लहान झालेली, जड, कठीण, टेबलावर टाकली तर टणकन आवाज. मग रंगाचे हात आणि ग्लेझ (भाजून दिलेला चकाकीचा थर) किंवा पॉलिश. दाढेची कॅप पूर्ण झिरकोनियाची, म्हणजे वर पोर्सिलेनचा थर नाही, अशी असेल तर आकार जवळजवळ सगळा मशीनचा.

डीएमएलएसमध्ये (डायरेक्ट मेटल लेझर सिंटरिंग) आतला धातूचा टोप मशीनने बनतो. कोबाल्ट-क्रोमची पावडर अंथरतात, एकेक थर दोन-तीन शतांश मिलिमीटरचा, त्यावर लेझर फिरतो आणि जिथे हवं तिथे पावडर वितळून जोडली जाते, असं करत करत टोप उभा राहतो. पूर्वी आम्ही मेण कोरायचो, साच्यात धातू ओतायचो, कधी आत पोकळी राहायची, कधी कड अर्धवट यायची, ते सगळं गेलं. पण त्या टोपावरचं पोर्सिलेन आजही माणूसच ब्रशने चढवतो! आधी धातू झाकायला ओपेक, मग दाताचा थर, मग वरचा, आणि दरवेळी ९०० अंशांच्या आसपास भट्टी. म्हणजे डीएमएलएस कॅप अर्धी मशीनची, अर्धी हाताची. आणि टवका उडतो तो हाताच्या अर्ध्याचा.

राजेंद्रनगरकर
दादा फार मोलाचं लिहिलंत, हे कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे मावशींचा टवका उडाला तसाच डीएमएलएसचाही उडू शकतो?

लॅबवाला_इंदूर
उडू शकतो, पण शक्यता कमी करता येते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आधी पूर्ण दात डिझाइन करतो आणि मग त्यातून सगळीकडून सारखा थर वजा करून धातूचा टोप काढतो, म्हणजे पोर्सिलेनला सगळीकडे धातूचा आधार मिळतो. जुन्या पद्धतीत टोप दाताच्या घासलेल्या आकाराचा बारीक, एकसारखा असायचा आणि टोकाला पोर्सिलेन दोन-अडीच मिलिमीटर जाड, आधाराशिवाय, तिथूनच तुटायचं. दुसरं कारण, धातू आणि पोर्सिलेन थंड होताना किती आक्रसतात हे जुळावं लागतं, धातू किंचित जास्त आक्रसला तर पोर्सिलेन दाबलेलं राहतं आणि ते चांगलं. उलट झालं तर ताण पडून तडा जातो. म्हणून कुठल्याही धातूवर कुठलंही पोर्सिलेन चालत नाही. स्वस्तात काम करणाऱ्या ठिकाणी हे पाळलं जात नाही आणि मग बदनाम मेटल-सिरॅमिक होतं.

शेव_विदाउट_जिरावन
माझा एक विरोधी मुद्दा. मला दोन वेगवेगळ्या लोकांनी सांगितलंय की झिरकोनिया इतकं कठीण असतं की समोरचा खरा दात झिजवून टाकतं. यांच्या आईचा समोरचा दात शाबूत आहे आणि त्या दात खातात. म्हणजे बारा हजार देऊन वरची चांगली दाढ घालवायची का? माझ्या मते मेटलवालीच घ्या.

दात_आणि_आतडं
डॉक्टर आहे, कृत्रिम दात आणि कॅप हाच विषय, पलासिया भागात बसतो, नाव लिहीत नाही कारण जाहिरात करायची नाहीये. शेव_विदाउट_जिरावन, हा समज फार पसरलाय आणि त्यात अर्धं खरं आहे म्हणून नीट लिहितो.

समोरचा दात झिजतो तो कठीणपणापेक्षा खरखरीतपणाने. आरशासारखं पॉलिश केलेलं झिरकोनिया समोरच्या एनॅमलला पोर्सिलेनपेक्षा कमी घासतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. गोंधळ कुठे होतो? कॅप बसवताना पेशंट म्हणतो "उंच लागतीये", डॉक्टर बर फिरवून उंचवटा घासतो, आणि तसंच सोडून देतो. ती घासलेली जागा म्हणजे सँडपेपर. ग्लेझच्या कॅपचंही तेच, ग्लेझचा थर काही महिन्यांत जातो आणि खालचं पॉलिश नसेल तर खरखरीत भाग उघडा पडतो. म्हणून उंचवटा घासल्यावर झिरकोनियासाठीच्या वेगळ्या रबरी पॉलिशरने टप्प्याटप्प्याने चकाकी आणावी लागते, पाच-सात मिनिटं लागतात. आईंना घेऊन जाल तेव्हा हे स्पष्ट विचारा, डॉक्टर चांगला असेल तर त्याला राग येणार नाही.

आता ताकदीचा हिशोब. वाकवून तोडायला लागणारा ताण मोजतात, मेगापास्कलमध्ये. मेटलवर चढवतात ते पोर्सिलेन १०० च्या आसपास किंवा कमी. लिथियम डायसिलिकेट नावाचं काचेसारखं सिरॅमिक ४०० च्या जवळपास. जुनं, कमी पारदर्शक झिरकोनिया, ज्याला थ्री-वाय म्हणतात, १००० च्या वर. नवीन जास्त पारदर्शक फाइव्ह-वाय त्याच्या जवळजवळ निम्मं. दिसायला सुंदर म्हणून फाइव्ह-वाय पुढच्या दातांना वापरतात, पण दात खाणाऱ्या माणसाच्या दाढेवर मी ते बसवणार नाही. दोन्हीच्या कार्डावर नुसतं "झिरकोनिया" छापलेलं असतं! तेव्हा कुठलं, हे विचारायलाच हवं.

आणि लक्षात घ्या, झिरकोनियाच्या टोपावर हाताने पोर्सिलेन चढवलेली कॅपही बाजारात आहे. तिचा टवका मेटल-सिरॅमिकपेक्षाही जास्त उडतो असा अनुभव आहे. दंतसंशोधक इरेना सेलर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पाच वर्षांनी टिकलेल्या कॅप मेटल-सिरॅमिकच्या ९५ टक्क्यांजवळ, लिथियम डायसिलिकेटसारख्या सिरॅमिकच्या साधारण ९६-९७ आणि झिरकोनियाच्या ९२ च्या आसपास निघाल्या. त्यातलं झिरकोनिया बहुतेक असं पोर्सिलेन चढवलेलंच होतं. आज दाढेला आम्ही देतो ते एकसंध झिरकोनिया (वर पोर्सिलेन नसलेलं) वेगळी वस्तू आहे. हा फरक न सांगता कुणी एका आकड्यावर बोलत असेल तर त्याचं ऐकू नका, बाजूने बोलत असो की विरोधात.

उज्जैनची_लेक
डॉक्टर, मग माझी झिरकोनिया कॅप वर्षभरात निघून हातात का आली? कॅपला काहीच झालं नव्हतं, एक ओरखडा नाही. पुन्हा चिकटवली तर पुन्हा निघाली. इतके पैसे घातलेले, खूप वाईट वाटलं.

दात_आणि_आतडं
ताई, तुमचा दात न बघता ठाम सांगणं योग्य नाही, पण अशा केसमध्ये मी दोन गोष्टी बघतो. पहिली, कॅपखाली दाताचा खुंट किती उरलाय. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर खरा दात असावा लागतो ज्याला कॅप घट्ट कवटाळेल. नुसत्या सिमेंटच्या बिल्डअपवर (भरून उभारलेल्या खुंटावर) कॅप बसवली तर ती कशाचीही असो, निघणार किंवा दात मुळाशी तुटणार. खुंट बुटका किंवा फार निमुळता घासला असेल तरी तेच.

दुसरी, चिकटवणं. लिथियम डायसिलिकेटला आतून ॲसिड लावून खडबडीत करता येतं, मग सिलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं द्रावण) लावून रेझिन सिमेंटने ते दाताला एकजीव होतं. झिरकोनियात काच नसते, ते ॲसिड त्यावर काम करत नाही. त्याला आतून अल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करतात आणि एमडीपी (झिरकोनियाला धरून ठेवणारं रसायन) असलेलं प्रायमर किंवा सिमेंट वापरतात. आणि ट्रायल घेताना कॅपला थुंकी लागते, थुंकीतला फॉस्फेट तिथे आधीच जाऊन बसतो, म्हणून नुसतं पाण्याने धुऊन चालत नाही, स्वच्छ करायची वेगळी पेस्ट येते. खुंट उंच असेल तर साध्या ग्लास आयोनोमर सिमेंटवरही झिरकोनिया वर्षानुवर्षं टिकतं, बुटका असेल तर हे सगळं काटेकोर करावंच लागतं. तुमच्या डॉक्टरांना खुंटाची उंची विचारा, गरज असेल तर हिरडी थोडी खाली घेऊन उंची वाढवता येते.

मालवामावशी
डॉक्टरसाहेब, माझ्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. आणखी एक विचारते, मला खोट्या कानातल्यांनी खाज सुटते, पाक फोड येतात. तोंडातल्या धातूनेही होतं का तसं? माझ्या पुढच्या कॅपभोवतीची हिरडी कायम लालच असते.

दात_आणि_आतडं
काकू, होऊ शकतं. जुन्या ओतलेल्या कॅपमध्ये निकेल-क्रोम फार वापरलं गेलंय आणि खोट्या दागिन्यांची खाज बहुतेक निकेलचीच असते. पण हिरडी लाल असण्याचं जास्त नेहमीचं कारण म्हणजे कॅपची कड नीट बसलेली नसणं आणि तिथे साचणारी घाण. दाखवून घ्या एकदा. शासकीय दंत महाविद्यालयातही बघतात, खर्च कमी येतो. आणि ज्यांना दागिन्यांची ॲलर्जी आहे त्यांनी कॅपच्या आधी डॉक्टरला सांगायलाच हवं. डीएमएलएसचा एक मोठा फायदा हाच, त्यात कोबाल्ट-क्रोम असतं, सहसा निकेल नसतं. अर्थात कोबाल्टचीही ॲलर्जी असणारी माणसं असतात, त्यांना सरळ सिरॅमिक.

छप्पन_नंतर_सत्तावन
मध्येच विचारतेय, माझा प्रश्न पुढच्या दाताचा आहे. रूट कॅनालनंतर दात काळा पडलाय. झिरकोनिया की ते लिथियमवालं? लग्न आहे फेब्रुवारीत.

लॅबवाला_इंदूर
ताई, लिथियमवालं सगळ्यात जिवंत दिसतं कारण त्यातून प्रकाश आत जातो. ब्लॉक जांभळट-निळा येतो, कापून झाल्यावर ८५० अंशांच्या जवळ भट्टीत तापवला की दातासारखा रंग येतो, आजही ते बघायला मला आवडतं. पण प्रकाश आत जातो म्हणजे खालचा काळा दातही वर डोकावतो. तुमच्या बाबतीत डॉक्टर कमी पारदर्शक ब्लॉक निवडतील किंवा झिरकोनियावर पुढच्या बाजूला पातळ पोर्सिलेन देतील. हट्ट एकाच गोष्टीचा धरा, घासलेल्या काळ्या खुंटाचा रंगपट्टीसकट फोटो लॅबला पाठवायला सांगा. आम्हाला फक्त "ए-टू" असा रंगाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी येते आणि खाली काय रंग आहे ते कळतच नाही. रंग दिवसा, खिडकीजवळ, लिपस्टिक पुसून ठरवा. आणि फेब्रुवारीसाठी आत्ताच लागा, ट्रायलला वेळ ठेवा.

राजेंद्रनगरकर
माझे शेवटचे तीन प्रश्न. एक, दात किती घासावा लागतो, कुठल्या कॅपला जास्त? दोन, आईला पुढे कधी एमआरआय लागला तर मेटलची अडचण? तीन, वॉरंटी कार्डाचा खरंच अर्थ किती?

दात_आणि_आतडं
घासणं: मेटल-सिरॅमिकला धातू अधिक ओपेक अधिक पोर्सिलेन मावायला वरून दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते. लिथियम डायसिलिकेटलाही दीडच्या आसपास. एकसंध थ्री-वाय झिरकोनिया एक मिलिमीटरमध्ये भागतं, काही वेळा त्याहून कमी. रूट कॅनाल झालेल्या दाढेत मुळात दात कमी उरलेला असतो, तेव्हा हा अर्धा-एक मिलिमीटर माझ्या मते वॉरंटीपेक्षा मोलाचा. झिरकोनिया घ्यायचं माझं पहिलं कारण हेच आहे, रंग नाही.

एमआरआय: कोबाल्ट-क्रोमची कॅप असली म्हणून एमआरआय होत नाही असं नाही, फक्त जबड्याजवळच्या चित्रात सावली-विकृती येते. झिरकोनियाची फारच कमी. सीटी स्कॅनमध्ये मात्र झिरकोनियाही चांगल्याच रेघा मारतं, तेव्हा तिथे त्याला वरचढ म्हणता येणार नाही.

झिरकोनियाची एक अडचणही सांगतो, पुढे कधी त्या दाढेचं पुन्हा रूट कॅनाल करायचं झालं तर कॅप कापून काढणं किंवा भोक पाडणं जिकिरीचं, डायमंड बर वापरून, भरपूर पाणी सोडून, सावकाश. म्हणून कॅपच्या आधी एक एक्स-रे काढून मुळाशी सगळं ठीक आहे याची खात्री करून घ्या.

लॅबवाला_इंदूर
वॉरंटी कार्डाचं मी सांगतो. कार्ड लॅब किंवा झिरकोनिया बनवणारी कंपनी देते, डॉक्टर नाही. कॅप तुटली तर नवीन कॅप बनवून मिळते, इतकंच. खालचा दात किडला, मूळ तुटलं, हिरडी सरकली, कॅप निघाली, हे सहसा त्यात बसत नाही, आणि डॉक्टरची बसवायची फी वेगळी लागू शकते. कार्डावर नंबर असतो, तो कंपनीच्या साइटवर टाकून बघा, तुमच्या नावाची नोंद दिसायला हवी. बऱ्याच घरांत कार्ड मिळतं पण नोंद कुणी तपासत नाही.

शेव_विदाउट_जिरावन
पॉलिशचा मुद्दा पटला मला. आता माझ्या बायकोच्या कॅपला जीभ लागते तिथे खरखरीत आहे असं ती म्हणते, तिला घेऊन जातो. पण दात खाणाऱ्या माणसाला तरीही पूर्ण धातूची कॅप का नको? माझ्या वडिलांची होती, मरेपर्यंत काही झालं नाही.

दात_आणि_आतडं
अगदी योग्य प्रश्न, आणि शेवटच्या दाढेला, जिथे जागा फारच कमी असते, तिथे मी आजही पूर्ण धातूची सुचवतो. तिला टवका उडायला काही नसतंच. लोकांना दिसायला नको असते म्हणून मागे पडली. राजेंद्रनगरकरांच्या आईची पहिली दाढ आहे, हसताना थोडी दिसते, त्यांनाच विचारा त्यांना काय हवं, आपणच परस्पर ठरवू नये.

राजेंद्रनगरकर
आईला हा अख्खा धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं पांढरीच हवी, पण दात कमीत कमी घासा. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, एकसंध थ्री-वाय झिरकोनिया देतो म्हणाले, एक्स-रे आणि पॉलिशलाही तयार. झोपेत दात खाण्याचं त्यांना आधी आम्ही सांगितलंच नव्हतं, ते ऐकून रात्री घालायचा गार्डही बनवू म्हणाले. तो कॅपच्या आधी बनवायचा की नंतर?

दात_आणि_आतडं
नंतर. कॅप बसून, बाइट (वरचे-खालचे दात मिटणं) नीट होऊन, आठ-दहा दिवस त्यांना सवय झाली की मग माप घ्यायचं, नाहीतर गार्ड त्या दाढेवर बसणारच नाही. गार्ड कडक ॲक्रिलिकचा घ्या, मऊ रबरी घेतला तर काही लोक तो उलट जास्तच चावत बसतात. आणि कॅप बसवल्या दिवशी सुन्न केलेलं असताना बाइट कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा जरी आधी लागतीये असं वाटलं तर आईंना थांबवून ठेवू नका, लगेच घेऊन जा.